सात डिस्क, एकच नाव

गेल्या मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी भाचीचा कोल्हापूरहून फोन आला. "मामा, टाइमलाइन सगळी लाल झालीया. मी काय पण केलेलं नाही."

हे 'काय पण केलेलं नाही' मी वीस वर्षं ऐकतोय. पुण्यात लग्नाच्या फिल्म आणि अधूनमधून मालिकांचं एडिटिंग करतो. असिस्टंट म्हणून लागलो तेव्हा रशेस म्हणजे कच्चं चित्रीकरण उतरवणं, नावं देणं आणि बिन, म्हणजे सॉफ्टवेअरमधले क्लिपांचे कप्पे, लावणं एवढंच माझं काम होतं. असं बोलणाऱ्याने हमखास एखादा फोल्डर हलवलेला असतो. तिनेही हलवला होता. नुसता हलवला असता तर पाच मिनिटांत काम उरकलं असतं आणि हे लिहायची वेळ आली नसती.

प्रकरण असं. कॉलेजातल्या मैत्रिणींच्या बँडने एक गाणं बांधलं होतं, ३ मिनिटं ४० सेकंदांचं. त्यावर हिला प्रभात फिल्म कंपनीच्या बोलपटांतल्या नायिकांचे शॉट लावून व्हिडिओ करायचा होता. दुर्गा खोटे, शांता आपटे, शांता हुबळीकर, जयश्री. कुणी सांगितलं नव्हतं, पैसे मिळणार नव्हते, कॉलेजचा प्रकल्पही नव्हता. निव्वळ हौस. "या बायका दारात लई वेळ उभ्या असतात मामा, मला तेवढंच दाखवायचंय," असं ती म्हणाली होती, आणि मला ते फार आवडलं होतं. प्रभात १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला आली, त्यामुळे मामा-भाचीच्या या कारभाराला घरचीच वाट होती म्हणायची.

हक्कांचं आधीच बोलून घेतो, कारण हा प्रश्न येतोच. आपल्या कायद्यात चित्रपटाचा कॉपीराइट प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. हिने घेतलेले सगळे चित्रपट १९३२ ते १९४१ मधले, त्यांची मुदत केव्हाच उलटली. गाणं मैत्रिणींचं स्वतःचं. अशी मोकळी स्थिती फॅन व्हिडिओ करणाऱ्यांच्या वाट्याला क्वचितच येते, म्हणून हिची मला जरा असूयाच वाटली.

कपाटातलं साहित्य

'कुंकू', 'माणूस' आणि 'शेजारी' हे आजोबांच्या कपाटातल्या व्हीसीडींवर होते, तिन्ही मिळून सात डिस्क. 'अयोध्येचा राजा' एका ओळखीच्यांकडून आणलेल्या डीव्हीडीवर. 'कुंकू'ची हिंदी आवृत्ती 'दुनिया न माने' इंटरनेटवर लावून स्क्रीन रेकॉर्ड केलेली. शिवाय एका मैत्रिणीने 'हे बघ, मस्त शॉट आहे' म्हणत व्हॉट्सॅपवर पाठवलेले वीसेक तुकडे, ते कुठल्या चित्रपटातले हे तिलाही आठवत नव्हतं.

ज्यांनी २००० च्या आसपास घरी व्हीसीडी पाहिल्या त्यांना आठवेल, डिस्क कॉम्प्युटरमध्ये उघडली की एका फोल्डरात एव्हीएसईक्यू०१ नावाची फाइल असायची. बहुतेक सगळ्या व्हीसीडींत तेच नाव, कारण ते ठरलेल्या साच्यातलं नाव आहे. चित्रपट कुठला, डिस्क पहिली की तिसरी, याचा नावाशी काही संबंध नाही. भाचीने सातही फाइली उतरवल्या, फुकटच्या कन्व्हर्टरने एमपी४ केल्या, आणि सातांचं नाव तेच राहिलं. सुरुवातीला त्या 'कुंकू १', 'कुंकू २' अशा वेगवेगळ्या फोल्डरांत होत्या, त्यामुळे काही बिघडलं नाही. फाइलीची ओळख फाइलीत नव्हती, ती ज्या फोल्डरात होती त्याच्या पाटीवर होती.

मग शनिवारी रात्री तिने घर आवरावं तसं सगळं आवरायला घेतलं. 'व्हिडिओ सामान' असा एक फोल्डर केला आणि सगळ्या फाइली त्यात ओढल्या. विंडोजने विचारलं, याच नावाची फाइल आहे, काय करू? तिने शहाण्यासारखं 'दोन्ही ठेव' सांगितलं. झालं. कंसात दोन, कंसात तीन करत सात फाइली एका रांगेत बसल्या आणि फोल्डरांच्या पाट्या रिकाम्या झाल्या.

सकाळी डाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडल्यावर लाल पडदे, 'मीडिया ऑफलाइन'. तिने नवा फोल्डर दाखवून पुन्हा लिंक करायला सांगितलं. सॉफ्टवेअर जुळवताना पाहतं ते मुख्यतः नाव आणि टाइमकोड, म्हणजे प्रत्येक फ्रेमचा वेळेचा आकडा. नाव सगळ्यांचं एक, आणि अशा फाइलींचा टाइमकोड शून्यापासूनच सुरू होतो. मग ज्या फाइलीला कंस नव्हता ती 'माणूस'ची पहिली डिस्क त्याने सगळीकडे लावून टाकली. शांता आपटेच्या जागी मध्येच डिस्क काढणाऱ्या कंपनीची जाहिरात, दुर्गा खोटेच्या नंतर हवालदार. भाची सांगताना रडवेली झाली होती, पण ती टाइमलाइन मी पाहिली तेव्हा, खरं सांगतो, मला हसू आवरेना.

ओळख परेड

पहिलं काम तिला हात मागे घ्यायला सांगणं. अशा वेळी माणूस आणखी चार गोष्टी हलवतो आणि उरलेल्या खुणाही पुसतो. प्रोजेक्टची आणि 'व्हिडिओ सामान' फोल्डरची जशीच्या तशी एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली. त्यानंतर लिंक होण्याआधीची, शुक्रवारची प्रोजेक्टची बॅकअप प्रत उघडली. रिझॉल्व्ह अशा प्रती आपोआप ठेवतं, सेटिंगमध्ये चालू असलं तर. नशिबाने चालू होतं.

त्या प्रतीत क्लिपा लालच होत्या, पण लाल क्लिप म्हणजे मेलेली क्लिप नव्हे. फाइल हरवली तरी प्रोजेक्टला तिची माहिती आठवत असते, म्हणजे जुना पत्ता आणि लांबी किती फ्रेमची तेही. दोन डिस्कांची नावं सारखी असतील, पण फ्रेमची संख्या अगदी तंतोतंत सारखी निघणं जवळपास अशक्य. एका कागदावर जुने पत्ते आणि त्यांच्या फ्रेम लिहिल्या, दुसऱ्यावर फोल्डरातल्या सात फाइलींच्या फ्रेम. दहा मिनिटांत सातही फाइलींना आपापलं घर मिळालं. प्रत्येकीचं नाव तिथल्या तिथे बदललं. आधी चित्रपटाचा छोटा कोड, मग भाषा, मग माध्यम, शेवटी डिस्कचा क्रमांक. मराठी कुंकूच्या व्हीसीडीची दुसरी डिस्क झाली 'कुंक-म-व्हीसी-२'. प्रत्यक्ष फाइलीवर ही अक्षरं रोमन ठेवली, कारण कन्व्हर्टरसारखी काही साधनं देवनागरी नावं बघून अजूनही गडबडतात. वहीत मात्र देवनागरीच.

मग एकेक क्लिप हाताने, फाइल दाखवून लिंक केली. साधारण निम्मी टाइमलाइन जिवंत झाली.

उरलेली निम्मी लालच राहिली, आणि खरं दुखणं तिथे होतं. भाचीने एक ऑनलाइन कटर वापरून मोठ्या फाइलींतून आवडलेले शॉट छाटून छोट्या फाइली केल्या होत्या. त्या 'राग', 'दुःख', 'वाट पाहणं', 'नजर' अशा भावनांच्या फोल्डरांत टाकल्या होत्या. कल्पना वाईट नाही, फक्त जागा चुकली. दारात उभी राहून रागाने बघणारी बाई 'राग'मध्ये टाकायची की 'नजर'मध्ये? तिने दोन्हीकडे टाकली होती. मग लॅपटॉपवर जागा कमी पडली तेव्हा 'दोनदा आहेत' म्हणून काही उडवल्या, त्यात कधी कधी दोन्ही उडाल्या. शिवाय छाटलेल्या फाइलीत शॉटच्या मागेपुढे एक फ्रेमही शिल्लक नसते, त्यामुळे एक शॉट दुसऱ्यात विरघळवायला, डिझॉल्व्ह द्यायला, जागा नाही, आणि कट दोन फ्रेम मागे सरकवायचा म्हटलं तरी सरकत नाही. प्रत्येक छाटणीत पुन्हा कॉम्प्रेशन झालेलं ते वेगळंच.

तिला मी जे सांगितलं ते असं. फाइल कुठून आली हे डिस्कवर ठेव, आणि तिचं काय करायचं हे प्रोजेक्टमध्ये ठेव. या दोन गोष्टी एकाच फोल्डरात कोंबल्या की भांडतात. डिस्कवर फाइल एकाच ठिकाणी राहू शकते. प्रोजेक्टच्या आत मात्र तोच शॉट 'राग'मध्येही असतो, 'दार'मध्येही असतो, आणि खाली फाइल एकच असते.

"मग हे आधी का नाही सांगितलंस?" तिने विचारलं.

"तू विचारलंस कधी?"

यावर ती गप्प बसली आणि मग मीही, कारण विचारलं होतं. एप्रिलमध्ये. मी लग्नसराईत अडकलो होतो आणि 'बघू' म्हणालो होतो.

दुरुस्त करायचं की नव्याने

शुक्रवारी रात्री तिने मैत्रिणींना दाखवायला कच्चा व्हिडिओ रेंडर करून व्हॉट्सॅपवर पाठवला होता. दर्जा भिकार, पण कट सगळे जागच्या जागी. तो मी वाटाड्या म्हणून घेतला. सगळ्यात वरच्या ट्रॅकवर तो ठेवायचा आणि खाली मूळ फाइलींतून तेच शॉट शोधून डोळ्याने जुळवायचे. लग्नाच्या कामात हार्ड डिस्क दगा देते तेव्हा आम्ही हेच करतो.

पाच-सहा शॉट जुळवले आणि थांबलो. जे जुळवत होतो तेच मुळात सदोष होतं.

यातला पहिला दोष वेगाचा. बोलपट सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित होतात. आपल्याकडच्या व्हीसीडी सहसा पॅल या टीव्ही पद्धतीच्या, २५ फ्रेमच्या, म्हणजे चित्रपट चार टक्के जलद धावतो आणि आवाजही किंचित चढतो. डीव्हीडी निघाली एनटीएससी, म्हणजे अमेरिकेतल्या ३० फ्रेमच्या टीव्ही पद्धतीची. तिथे २४ फ्रेमचे ३० करायला प्रत्येक चार फ्रेमच्या पाच होतात आणि पाचातल्या दोन फ्रेममध्ये दोन चित्रांच्या आडव्या रेघा गुंतलेल्या असतात. कंगवा फिरवल्यासारख्या कडा दिसतात त्या याच. स्क्रीन रेकॉर्डिंगचा वेग तर धड ठरलेलाही नव्हता, कॉम्प्युटरला जमेल तशा फ्रेम पकडलेल्या. हे सगळं भाचीने २४ च्या टाइमलाइनवर सरळ ओतलं होतं. २५ ची क्लिप २४ मध्ये तशीच टाकली की सॉफ्टवेअर दर सेकंदाला एक फ्रेम गाळतं. बाई दारातून चालत येते आणि दर पावलागणिक किंचित अडखळते. भाचीला वाटत होतं जुन्या सिनेमात माणसं अशीच चालतात.

टाइमलाइन २४ ची आहे हे मात्र आमच्या पथ्यावर पडलं. गाण्याचा वेग मिनिटाला ९६ ठोक्यांचा होता. २४ फ्रेमच्या टाइमलाइनवर एक ठोका म्हणजे बरोबर १५ फ्रेम, चार ठोक्यांचं एक आवर्तन ६० फ्रेम, आणि अख्खं गाणं ८८ आवर्तनं. २५ वर गेलो असतो तर ठोका साडेपंधराच्या पलीकडे कुठेतरी पडला असता आणि प्रत्येक कट अर्ध्या फ्रेमने इकडे की तिकडे ढकलायचा ही कटकट कायमची. म्हणून सगळ्या व्हीसीडी क्लिपांना 'तू २४ आहेस' असं क्लिपच्या गुणधर्मात सांगितलं. फ्रेम एकही गळत नाही, फक्त प्रत्येक फ्रेम किंचित जास्त वेळ थांबते आणि चित्रपट आपल्या मूळ चालीवर येतो. डीव्हीडीच्या गुंतलेल्या रेघा सोडवून तिला पुन्हा २४ केलं. स्क्रीन रेकॉर्डिंग एकदा ठरावीक वेगात बदलून घेतलं. आणि सगळं एडिटिंगला सोयीच्या, प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवणाऱ्या स्वरूपात आणलं. फाइली फुगल्या खऱ्या, पण लॅपटॉप हाशहुश करायचा थांबला.

दुसरा दोष चेहऱ्यांचा. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं असतं आणि ते दाखवायचं असतं ४:३ मध्ये, म्हणजे प्रत्येक ठिपका चौकोनी नसून जरासा आडवा धरायचा. सॉफ्टवेअरने तो चौकोनी धरला की सगळ्यांचे चेहरे लांबुडके. शुक्रवारच्या व्हिडिओत शांता आपटे गेले दोन महिने उपाशी असल्यासारखी दिसत होती. रुंदी ३८४ केल्यावर ती बरी झाली. उलट इंटरनेटवरची प्रत कुणीतरी १६:९ करायला वरखाली कापलेली होती, तिथे डोकी गेली होती. ती क्लोजअपला कामाची नाही, एवढी नोंद करून पुढे गेलो.

हे दोन दोष कळल्यावर ठरलं, जुनी टाइमलाइन फक्त बघायला. कट नव्याने.

वही

आता लॉगिंग, म्हणजे कुठला शॉट कुठे आहे याची नोंद. हा शब्द ऐकून भाचीने नाक मुरडलं. तिला मी कँडी फाँगची गोष्ट सांगितली. १९७५ मध्ये अमेरिकेत या बाईने एका अंतराळ-मालिकेच्या स्लाइड गाण्याच्या टेपबरोबर प्रोजेक्टरवर दाखवल्या, आणि चाहत्यांच्या संगीत-व्हिडिओंची सुरुवात बरेच जण तिथून मोजतात. पुढे दोन व्हीसीआर जोडून काम करणारे आले. जिम कापोस्टास याने १९८२ मध्ये असाच जपानी अ‍ॅनिमेशनचा व्हिडिओ केला. टेपवर कट करायचा म्हणजे पहिल्यापासून क्रमाने करायचा. दहावा शॉट लांब झाला असं विसाव्याला कळलं तर दहाव्यापासूनचं सगळं पुन्हा. त्यामुळे कुठल्या टेपवर, कितव्या मिनिटाला, किती सेकंदांचा शॉट आहे हे आधी कागदावर नसेल तर ते बसूच शकत नव्हते. आपल्याला सोय झाली म्हणून वही सुटली.

"म्हणजे माझ्यासारखे तेव्हा टिकले नसते," ती म्हणाली. मी नाही म्हणालो नाही.

दोनशे पानी वही घेतली. एका ओळीत एक शॉट. स्रोताचा कोड, सुरुवातीचा टाइमकोड, कोण आहे, काय करते, कुठल्या बाजूला तोंड किंवा चाल, शॉट केवढा, दर्जा अ-ब-क. गोष्टीत काय चाललंय हे मुद्दाम लिहायचं नाही. गाण्यात गोष्ट वेगळी असते. मूळ चित्रपटात ती नवऱ्यावर चिडलेली आहे की सासूवर, हे ८८ आवर्तनांत कुणाला कळणार नाही. ती डावीकडून उजवीकडे मान वळवते हे मात्र दिसतं, आणि पुढच्या शॉटमधली दुसरी बाई, दुसऱ्या वर्षातली, दुसऱ्या दिग्दर्शकाच्या चित्रपटातली, उजवीकडून डावीकडे बघत असेल तर दोघी एकमेकींकडे बघतात. भाचीला व्हिडिओत जे हवं होतं ते हेच होतं. भावनांचे फोल्डर तिला हे देऊ शकत नव्हते. 'दुःख' या पाटीखाली वीस शॉट असले तरी दिशेची पाटी नव्हती.

प्रत्येक चित्रपट पूर्ण बघायचा आणि निवडलेल्या शॉटला फाइल न छाटता प्रोजेक्टमध्येच सुरुवात आणि शेवटाची खूण (इन-आउट) मारून त्या तुकड्याची सबक्लिप करायची, मागेपुढे एकेक सेकंद राखून. दोन आठवडे संध्याकाळी ती हे करत होती. चार चित्रपट आणि एक हिंदी आवृत्ती, म्हणजे तास बरेच. तिसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला, 'कंटाळा आलाय'. पाचव्या दिवशी आला, 'मामा, जयश्रीची चाल बघ'. तेव्हा मला वाटलं, आता हे पार पडेल.

मग कीवर्ड. क्लिपला कीवर्ड दिले की स्मार्ट बिन आपोआप भरतात. 'दार' आणि 'उजवीकडे' असं मागितलं की तेवढेच शॉट समोर येतात. इथे मराठीने आम्हाला छान फसवलं. तिने कुठे 'आरसा' लिहिलं होतं, कुठे 'आरशात बघते'. सॉफ्टवेअर अक्षरं जुळवतं, सामान्यरूप त्याला कळत नाही. 'दार' शोधलं की 'दारात', 'दाराशी' सगळं सापडतं, पण 'आरसा' शोधल्यावर 'आरशात' सापडत नाही. 'खिडकी' शोधल्यावर 'खिडक्यांत'ही सापडत नाही. आणि तिने दोन ठिकाणी 'खीडकी' लिहिली होती, ती तर कायमची हरवली असती. म्हणून वहीच्या मागच्या पानावर ठरलेल्या शब्दांची यादी केली: दार, खिडकी, आरसा, हात, पदर, जिना, वळते, येते, जाते, थांबते. सगळे शब्द मूळ रूपात, प्रत्येकाचं एकच शुद्धलेखन, आणि यादीबाहेरचा शब्द घालायचा तर आधी यादीत लिहायचा. तिसेक शब्दांच्या वर यादी जाऊ दिली नाही. शंभर कीवर्ड झाले की ते शोधायला पुन्हा एक यादी लागते.

जुळ्या बहिणी

मला या कामात सगळ्यात रस वाटला तो भाग हा. प्रभात एकाच चित्रपटाची मराठी आणि हिंदी आवृत्ती बरोबरीने काढत असे. 'कुंकू' आणि 'दुनिया न माने' १९३७, 'माणूस' आणि 'आदमी' १९३९, 'शेजारी' आणि 'पडोसी' १९४१. शांता आपटे 'कुंकू'त दोन्हीकडे आहे. 'शेजारी'त जिवबाचं काम केशवराव दात्यांचं, हिंदीत त्याच भूमिकेत मझहर खान. सेट तोच, प्रसंग तोच, पण शॉट पुन्हा घेतलेला. पदर जरा वेगळा पडतो, मान अर्ध्या क्षणाने उशिरा वळते.

शुक्रवारच्या व्हिडिओत एका कडव्यात शांता आपटेचं वळून बघणं आलं होतं आणि पुढच्याच कडव्यात पुन्हा. भाचीला ते दोन वेगळे शॉट वाटले होते, आणि फाइली खरंच वेगळ्या होत्या. एक व्हीसीडीतली, चार टक्के जलद. दुसरी स्क्रीन रेकॉर्डिंगमधली, वरखाली कापलेली. एडिटिंग सॉफ्टवेअर एकाच फाइलीतली तीच फ्रेम दोनदा वापरली तर खूण दाखवतं. दोन वेगळ्या फाइलींत तेच चित्र असेल तर त्याला पत्ता नसतो. वहीत मात्र दोन ओळी शेजारी शेजारी आल्या, तीच पोझ, तीच दिशा, तोच पदर, आणि आम्ही दोघं पडद्यावर त्या एकमेकींशेजारी लावून बघत बसलो. एक तास गेला. काम थांबलं, पण त्या तासात तिला कळलं की हिंदीतल्या टेकमध्ये वळणं जरा सावकाश आहे आणि गाण्याच्या दुसऱ्या कडव्याला ते हवं आहे. पहिल्या कडव्यात मराठीतलं, दुसऱ्यात हिंदीतलं, असं तिने शेवटी जाणूनबुजून ठेवलं. आधी जी चूक होती ती आता बांधणी झाली, कारण आता तिला कुठलं कुठलं ते माहीत होतं.

तेव्हापासून कोडमधलं भाषेचं अक्षर सक्तीचं झालं, आणि वहीत 'जुळं' असा एक रकाना वाढला.

आवाजाचंही थोडं सांगतो. 'कुंकू'त पार्श्वसंगीत टाळलेलं आहे, आवाज येतात ते प्रसंगातलेच. त्यामुळे तिथला संवाद उचलला तर मागे वाद्यांची शेपटी येत नाही. भाचीने गाण्याच्या मधल्या रिकाम्या आवर्तनात शांता आपटेचे दोन शब्द ठेवले आणि ते स्वच्छ बसले. 'आवाज' हा बिन वेगळा असावा हे मला तिने शिकवलं. मी लग्नाच्या कामात तो कधी करत नव्हतो.

कट

लॉगिंग संपल्यावर एका टाइमलाइनवर निवडलेलं सगळं सलग लावलं. पाऊण तास भरला. ती टाइमलाइन तशीच जपून ठेवून तिची प्रत केली आणि गाळली, मग त्या प्रतीची प्रत. तिसऱ्या गाळणीत अकरा मिनिटं उरली, आणि गाणं तर पावणेचार मिनिटांचंही नाही. हे प्रमाण मला ठीक वाटतं. याहून कमी उरलं तर कट करताना पर्याय राहत नाहीत, खूप जास्त उरलं तर निवड झालेलीच नसते.

टाइमलाइनवर क्लिपांना स्रोतानुसार रंग दिले: व्हीसीडी नारिंगी, डीव्हीडी हिरवी, स्क्रीन रेकॉर्डिंग जांभळी. हा रंग शोभेसाठी नाही. सलग सहा नारिंगी दिसले की समजायचं, चित्र धूसर होत चाललंय. व्हीसीडीचं चित्र १०८० च्या उंचीला नेलं म्हणजे पावणेचारपट ताणलं. क्लोजअप ते सोसतो, चेहरा मऊ दिसला तर जुन्या सिनेमाला शोभतंच. लाँग शॉट सोसत नाही, वाड्याच्या दारातली बाई म्हणजे नुसता पांढरा ठिपका. त्यामुळे लाँग शॉट शक्यतो डीव्हीडीतून, आणि म्हणून 'अयोध्येचा राजा' ठरवलं त्यापेक्षा जास्त आला. दुर्गा खोटेने पहिलं कडवं खाल्लं. भाचीला आधी ते खटकलं, मग आवडलं.

प्रत्यक्ष कट एका शनिवार-रविवारात झाला. एप्रिलमध्ये तिला तीन आठवडे लागले होते आणि त्यातला बराचसा वेळ 'तो शॉट कुठे गेला' यातच गेला होता. काम मात्र कमी झालं असं मी म्हणणार नाही. लॉगिंगचे दोन आठवडे धरले तर हिशेब जवळपास तेवढाच येतो. फक्त या वेळी ती रडली नाही.

व्हॉट्सॅपवरच्या वीस तुकड्यांपैकी बहुतेकांचे मूळ शॉट लॉगिंग करताना आपोआप सापडले आणि ते तुकडे फेकून दिले. दोन सापडलेच नाहीत. एक काढून टाकला. दुसरा म्हणजे जिन्यावर थांबलेल्या पावलांचा दीड सेकंदाचा शॉट. त्याच्याजागी दुसरं काही बसेना. दर्जा 'क'च्याही खाली, तरी तो ठेवला. वहीत त्याच्यापुढे स्रोताच्या रकान्यात फक्त प्रश्नचिन्ह.

व्हिडिओ जूनमध्ये पूर्ण झाला. मैत्रिणींनी पाहिला, आजोबांनी पाहिला. आजोबांना गाणं आवडलं नाही, पण 'ही दुर्गाबाई' म्हणत त्यांनी दोनदा मागे नेऊन बघितला. प्रोजेक्ट, मूळ फाइली आणि वहीच्या पानांचे फोटो यांची एक प्रत तिच्याकडे आहे, एक माझ्याकडे पुण्यात.

ऑगस्टमध्ये एका रात्री अकराला फोन आला.

"मामा, जिना सापडला. 'आदमी'त आहे, मराठीत नाहीच. म्हणून घावत नव्हता."

"अगं, पण व्हिडिओ होऊन दोन महिने झाले."

"म्हाईत आहे. तू तुझ्या प्रतीत लिहून घे, टाइमकोड सांगतो."

मी पेन शोधायला उठलो.